तिथी, पाणी आणि हजेरीपट: कादंबरीतला काळ सांभाळतानाच्या नोंदी

३ जून २०२५
यंदा पाऊस मे महिन्यातच आला, त्यामुळे पाहुणे बंद, खोल्या रिकाम्या, आणि मला कादंबरीला हात न लावण्याचं एकही कारण उरलं नाही. पहिला ड्राफ्ट ब्याण्णव हजार शब्दांचा आहे. पहिला भाग १९४४ ते १९४७, चौल-रेवदंडा आणि मुंबई. दुसरा भाग १९६७. मधे वीस वर्षांची उडी. मला वाटत होतं सगळं डोक्यात पक्कं आहे.
प्रिंट काढून आत्याला वाचायला दिली होती (झेरॉक्सवाल्याचे सहाशे वीस रुपये). आत्या पंच्याऐंशीची, नजर अजून शाबूत. काल गठ्ठा परत आणून ओटीवर आपटला. म्हणाली, "पान ४१ ला यमूला दिवस गेलेत आणि बाळंत होते पान १६० ला. मी महिने मोजले. चौदा. हत्तीण आहे का गं ती?"
तर आता आधी काळ दुरुस्त करायचा, भाषा-बिषा नंतर. नोंदी ठेवतेय कारण मला सुरुवातीला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

५ जून
पहिला प्रयत्न भिंतीवर. सहा चार्ट पेपर, स्केचपेनं, प्रत्येक पात्राला वेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा. यमू लाल, तात्या निळा, बबन हिरवा, द्वारकाकाकू पिवळी. एकूण खर्च दोनशे दहा. दिवसभर खपून लावलं, इतकं सुंदर दिसत होतं की फोटो काढून बहिणीला पाठवला.

८ जून
सगळं खाली आलं. तीन दिवसांची संततधार, भिंतीला ओल, चिकटपट्टीनं जीव सोडला, स्केचपेनची शाई पसरून जुलै आणि ऑगस्ट एक झाले. लाल धागा मांजरीच्या पायात. पावसाळ्यात कोकणातल्या घरी भिंतीवर कागद लावून काम करायचा विचार कुणी करत असेल तर करू नका, दिवाळीनंतर करा. तीन दिवस गेले.

९ ते २० जून
कंप्युटरवर शीट केली. रकाने: प्रकरण, सीन, तारीख, जागा, कोण कोण आहे. सोपं वाटलं होतं पण तारखेच्या रकान्यात भरायला तारखाच नव्हत्या. माझ्या निम्म्याहून जास्त सीनची सुरुवात "काही दिवसांनी", "त्या सुमारास", "एके सकाळी" अशी. लिहिताना हे शब्द फार गोड वाटतात, कारण ते लिहिले की हिशेब द्यावा लागत नाही. यमूचे चौदा महिने ह्याच "काही दिवसांनी"मधून साठत गेले होते.
मग उलटं केलं. तारीख नसेल तर नसू दे, आधीच्या सीननंतर किती दिवसांनी हे घडतं तेवढा आकडा प्रत्येक सीनला दिला, नुसत्या अंदाजानं. आणि ज्या सीनची तारीख इतिहासानं ठरवलीय ते खिळे म्हणून ठोकले. माझ्याकडे असे तीन मोठे खिळे: १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉकचा स्फोट, ज्यात तात्याच्या थोरल्या भावाचा पाय जातो. १७ जुलै १९४७, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली. आणि १५ ऑगस्ट. दोन खिळ्यांमधले दिवस मोजायचे आणि माझ्या अंदाजांची बेरीज तेवढी येते का बघायचं. एप्रिल ४४ ते जुलै ४७ म्हणजे तीन वर्षं तीन महिने. माझी बेरीज पाच वर्षांच्या वर गेली. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं मी हवेतून आणली होती. दोन अख्खी प्रकरणं एकमेकांत घालावी लागली, यमूचं लग्न एका वर्षानं अलीकडे आणलं आणि बाळंतपण नऊ महिन्यांत बसवलं. अकरा दिवस लागले, त्यातले दोन लाइट नव्हती म्हणून.

२१ जून
शीटमध्ये "कोण कोण आहे" हा रकाना वाचून काहीच कळत नाही हे आज लक्षात आलं. तिथे फक्त सीनमध्ये असलेली माणसं येतात. जे सीनमध्ये नाहीत ते त्या वेळी कुठे आहेत? माझा सगळा घोळ नसलेल्या माणसांचा होता.
बाजारात वह्या-पुस्तकांच्या दुकानात शाळेचा हजेरीपट मिळाला, चाळीस रुपये. ह्यासारखी गोष्ट नाही. एकतीस रकाने आधीच आखलेले, महिन्याला एक पान. मुलांच्या नावांच्या जागी पात्रांची नावं आणि हजर-गैरहजरच्या जागी गावाचं अक्षर. मुं, रे, अ, चौ. माणूस प्रवासात असेल तर तिरकी रेघ. रोज एक खाना भरायचाच, त्या दिवशी कादंबरीत काहीही घडत नसलं तरी. एक महिना भरायला सव्वा तास लागतो.
जुलै ४७ चं पान भरताना तिसऱ्याच ओळीत अडकले. तात्या सतरा तारखेला सकाळी भाऊच्या धक्क्यावर आहे, गर्दीत त्याला रामदासचं तिकीट मिळत नाही म्हणून तो वाचतो. आणि सतरा तारखेलाच संध्याकाळी चौलला दिव्यांच्या आवशीची पूजा चाललीय तिथे तो कणकेच्या दिव्यात तूप घालतोय. एकाच खान्यात मुं आणि चौ. दोन्ही सीन मी सहा महिन्यांच्या अंतरानं लिहिले होते आणि दोन्ही माझे लाडके.

२६ जून
पाच दिवस हेच चाललंय. तात्याला संध्याकाळपर्यंत चौलला पोचवायचा काही मार्ग आहे का? बोट बुडाली ती सकाळी आठला धक्का सोडल्यावर अर्ध्या-पाऊण तासात, काशाच्या खडकाजवळ. सहाशेहून जास्त माणसं गेली. त्या दिवशी परत कोण कुणाला बोटीत बसवणार. खुष्कीनं यायचं तर ठाणे, पनवेल, पेण असा वळसा, पुढे धरमतरची खाडी, मग अलिबाग, आणि अलिबागपासून चौल-रेवदंडा आणखी सतरा-अठरा किलोमीटर, तेही जुलैच्या पावसात. संध्याकाळपर्यंत शक्यच नाही. मी त्याला एकोणीस तारखेच्या संध्याकाळी पोचवला. तिरक्या रेघा दोन दिवस.
पण मग दुसरंच निघालं. तात्या पोचत नाही तोवर घरच्यांना काय माहितेय? माझ्या ड्राफ्टमध्ये सतरा तारखेला दुपारी यमूला बोट बुडाल्याचं कळतं. कसं? बोटीवर वायरलेस नव्हतं, मुंबईतच खबर उशिरा लागली. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांच्या मचव्यांनी पाण्यातली माणसं उचलली. रेवस ते चौल चाळीसेक किलोमीटर. बातमीसुद्धा चालतच येणार. मी लिहिताना विसरले की यमूकडे मोबाइल नाहीये.
म्हणून हजेरीपटाला दुसरा भाऊ आणला, आणखी चाळीस रुपये. पहिल्यात माणूस कुठे आहे, दुसऱ्यात माणसाला काय कळलंय. रामदासच्या बातमीला "रा", तात्या जिवंत असल्याच्या बातमीला "ता". अठरा तारखेला उशिरा अलिबागकडून आलेला एक बैलगाडीवाला "रा" घेऊन येतो आणि "ता" एकोणीसला संध्याकाळी तात्या स्वतःच घेऊन येतो. मधे जवळजवळ एक दिवस घरात सगळे त्याला मेलेला धरून चाललेत. पूजेचे दिवे कुणी विसर्जन करत नाही. हे आधी कादंबरीत नव्हतं. लिहायला अजून दहा-बारा दिवस जातील, आणि दिव्याच्या पूजेचा माझा लाडका सीन तात्याशिवाय नव्यानं लिहायचाय, पण चालेल.

२ जुलै
आज मूर्खपणा. भाग एकमध्ये मी सगळीकडे "रायगड जिल्हा" लिहिलं होतं. जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये बदललं, त्याआधी कुलाबा. म्हणून फाइलमध्ये सरसकट शोधा-आणि-बदला केलं, रायगडच्या जागी कुलाबा. एकशे सहा बदल, अर्धा मिनिट, मी खूश.
रात्री वाचायला घेतलं तर बबनचे मास्तर वर्गात सांगतायत की महाराजांचा राज्याभिषेक कुलाबा किल्ल्यावर झाला. आणि गंमत म्हणजे कुलाबा किल्ला खरंच आहे, अलिबागच्या समुद्रात, त्यामुळे वाचताना डोळ्याला खटकतसुद्धा नाही, मी दोन ठिकाणी तसंच वाचून पुढे गेले होते. एकशे सहा जागा हातानं तपासल्या. दोन तास. अशा फाइलची एक प्रत आधी बाजूला काढून ठेवत जा एवढंच सांगते.
त्याच वाचनात रेवदंड्याहून कोर्लईला जाणारी द्वारकाकाकू खाडीच्या पुलावरून जाताना सापडली. १९४७ मध्ये कसला पूल. तिला होडीत बसवलं.

१० जुलै, गुरुपौर्णिमा
हा सगळ्यात मोठा फटका, आणि तो शीटमध्ये कधीच दिसला नसता.
माझ्या प्रकरण सातमध्ये यमू आणि बबन अलिबागच्या किनाऱ्यावरून चालत कुलाबा किल्ल्यात जातात. ओहोटीला चालत जाता येतं हे सगळ्यांना माहीत आहे, मलाही. तारीख आषाढी पौर्णिमा, वेळ दुपारी बारा, कारण मला डोक्यावर ऊन हवं होतं. थेरोंड्याचे एक नाखवा आमच्याकडे मासळी द्यायला येतात, त्यांना सहज हा प्रसंग सांगितला. ते पाटी खाली ठेवून हसायलाच लागले. म्हणाले, "ताई, पुनवेला बारा वाजता पाणी भरलेलं असतंय. तुमची बाय काय पोहत गेली?" आणि मग परत, "आणि आषाढात? पुनव कुठली दिसतेय तुम्हाला आषाढात?"
त्यांनी हिशेब दिला तो असा. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरा, सव्वाअकरा. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच, आणि दुपारसारखाच रात्रीचा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पाणी रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकतं, सगळं त्यातच आहे.
आज पौर्णिमाच होती म्हणून छत्री घेऊन बंदरावर जाऊन बसले. पाणी पुरतं भरलं तेव्हा बारा वाजायला आले होते. म्हणजे हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे, कादंबरीला पुष्कळ झालं.
मग म्हटलं सोपंय, तिथी बदलते, अष्टमी करते, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी, माझं ऊनही राहील. नाखवा म्हणाले अष्टमीला भांग असतो, भांगाला पाणी चढतही नाही नि पुरतं सुकतही नाही. किल्ल्यात कोरड्या पायानं जायचं तर उधाणाचीच ओहोटी बघा. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्या, सकाळी नाहीतर संध्याकाळी सहाच्या आसपास.
प्रसंग माघी पौर्णिमेला नेला, संध्याकाळी. ऊन गेलं. पण आता सूर्य बुडतोय, मागून चंद्र वर येतोय, आणि पाणी परत फिरायला लागलंय आणि बबनला त्याचं भानच नाही. दुपारच्या सीनमध्ये दोघं नुसती बोलत बसली होती. आता त्यांना घाई आहे.
शीटला दोन रकाने वाढवले: तिथी, पाणी. खरं सांगायचं तर पहिल्या दिवसापासून हेच दोन हवे होते. माझी माणसं १९४७ ची, किनाऱ्यावरची, ती "१७ जुलै" म्हणून जगतच नव्हती. ती आवस, पुनव, उधाण, भांग असं जगत होती आणि मी त्यांच्यावर शाळेच्या दाखल्यातली तारीख लादली होती.

१३ जुलै
तिथीचा रकाना भरायला घेतला. रामदास बुडाली ती गटारी अमावास्या, हे इकडे लहान पोरालाही माहीत. त्यानंतर पंधरा दिवसांनी नारळी पौर्णिमा, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, मग महिन्याच्या आत गणपती. तसंच लिहिलं होतं मी. होड्या पाण्यात, पुनवेचा नारळ, मग पंधरा ऑगस्ट, मग गणपती. छान क्रम.
आत्यानं विचारलं, "त्या वर्षी अधिक होता का बघितलंस?"
नव्हतं बघितलं. अधिक श्रावण होता. म्हणजे गटारीनंतर आधी अख्खा अधिक महिना, मग खरा श्रावण. नारळी पौर्णिमा थेट ऑगस्टच्या शेवटी, गणपती सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. माझा नारळ स्वातंत्र्याच्या आधी समुद्रात पडला होता तो स्वातंत्र्यानंतर पडायला हवा. तीन प्रकरणांचा क्रम उलटा. हातात डोकं धरून बसले.
पण ह्यातून एक युक्ती मिळाली ती लिहून ठेवते, फुकट आहे. अधिक महिन्यांचं चक्र एकोणीस वर्षांनी साधारण परत तसंच येतं. १९४७ मध्ये एकोणीस चोक शहात्तर मिळवले की २०२३. आणि २०२३ चं कालनिर्णय आमच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागे खिळ्याला अजून लटकतंय, दूधवाल्याचा हिशेब त्यावर आहे म्हणून टाकलं नव्हतं. काढून बघितलं, अधिक श्रावण आणि सतरा जुलैलाच अमावास्या! वार मात्र जुळत नाहीत (१९४७ ला गुरुवार होता, २०२३ ला सोमवार) आणि एखादी तिथी एका दिवसानं मागेपुढे होऊ शकते, तेव्हा ज्या दिवसावर कथा टेकलीय तो दिवस जुन्या पंचांगात बघाच. बाकी रोजच्या कामाला हे कॅलेंडर पुरतं.

१४ जुलै
काल रात्री झोप येत नव्हती तेव्हा एकदम आठवलं. १४ ऑगस्टची मध्यरात्र. माझ्या यमूच्या अंगणात "पिठूर चांदणं सांडलेलं" आहे, झापांच्या सावल्या आहेत, एक पानभर आहे. आणि अमावास्या सोळा ऑगस्टला. म्हणजे त्या रात्री चंद्र पहाटेपर्यंत उगवतच नाही, उगवला तरी नखाएवढा, वर पावसाळ्याचे ढग. पान काढून टाकलं. आता अंगणात कंदील आहे आणि द्वारकाकाकू वात सारखी करतेय. फार दुःख झालं नाही, "पिठूर" हा शब्द तसाही मी दुसऱ्यांचा वाचून घेतलेला.

२० जुलै
गिरगावातला एक प्रसंग, १९४६. तात्या चाळीतून पाच वाजता निघतो, ट्रामनं वीस मिनिटांत बोरीबंदरला पोचतो, स्टेशनाच्या घड्याळात पाच वीस. हजेरीपटात बरोबर, शीटमध्ये बरोबर. आत्या म्हणाली, चाळीतलं घड्याळ कुठलं, मुंबई टाइम की स्टँडर्ड? तिच्या लहानपणी गिरगावात वेळ ठरवताना हे विचारायचे.
मुंबई टाइम स्टँडर्ड टाइमपेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागे, आणि तो १९५५ पर्यंत चालू होता. रेल्वे स्टँडर्डवर. चाळीचा मालक जुन्या वळणाचा, त्याचं घड्याळ मुंबई टाइमवर असणार. म्हणजे तात्या पोचतो तेव्हा स्टेशनात सहाला एक मिनिट कमी. ज्याला भेटायचं तो साडेपाचला निघून गेलाय. पाच ओळी बदलल्या, भांडण आपोआप आलं.
असा प्रश्न मला स्वतःला कधीच पडला नसता. वाचणारं एक जुनं माणूस पाहिजेच, शीट कितीही करा.

५ ऑगस्ट
भाग दोन भराभर झाला, कारण प्रसंग थोडे आणि सगळे एका घरात. खिळा ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप, पहाटे चार वाजून गेल्यावर. तिथी दशमीच्या आसपास, चंद्र तोवर मावळलेला, म्हणजे माणसं अंधारात अंगणात धावली, ते मी चुकून बरोबर लिहिलं होतं. वयं तपासली. बबन ४७ मध्ये अकरा, ६७ मध्ये अठ्ठावीस लिहिला होता, एकतीस केला. नाण्यांत एक चूक: यमू ६७ मध्ये पोरीला "दोन आणे" काढून देते. नवे पैसे १९५७ पासून. ते तसंच ठेवलं, कारण हिशेब पैशात आणि तोंडात आणे असं माझ्या आजीचंही शेवटपर्यंत होतं. फक्त हातात बारा पैसे ठेवले.

१८ ऑगस्ट
नवा ड्राफ्ट छापायला दिला. एकूण हिशेब: अडीच महिने, पैसे दीड हजाराच्या आसपास (दोन्ही वेळच्या झेरॉक्स धरून), बाद झालेली पानं बावन्न, नवी लिहिलेली अडतीस. भिंतीचं प्रकरण सोडलं तर काही वाया गेलं असं वाटत नाही. गणपती सत्तावीसला, पुढचे पंधरा दिवस घरात वीस माणसं, तेव्हा काम बंद.

२३ ऑगस्ट
आत्यानं गठ्ठा परत केला. यमूचे महिने मोजले, बरोबर आले म्हणाली. पाणी, चंद्र, अधिक महिना, कशालाच हात नाही. मी चहा टाकायला उठले तर मागून आवाज आला, "पान ८८. जुलैत सुरण कुठून काढलं गं हिनं वाडीतून? आत्ता तर लावलेलं असतं."
शीटला अजून एक रकाना: वाडीत काय आलंय.